कोण ओरडतं ते पाहू

३ मार्च, सोमवार

तारीख ठरली! म्हणजे साहेबांनी ठरवली. "महिनाअखेरीपर्यंत तिन्ही सर्व्हर सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर. जुनीला कंपनी आता हात लावणार नाही." हॉस्पिटलचे केसपेपर, एक्स-रे, औषधसाठा – सगळं या तिघांच्या पोटात. नव्या माणसांना मी सांगते, सर्व्हर म्हणजे इमारत आणि आतली आभासी मशीन म्हणजे बिऱ्हाडं. एका इमारतीची डागडुजी करायची तर तिथली बिऱ्हाडं शेजारी हलवायची, तीही त्यांची झोपमोड न करता. पण शेजारी जागा आहे का, हे आधी बघायचं. हेच राहून जातं.

आज जागाच मोजत बसले. कशीबशी पुरेल. कशीबशी हा शब्द मला आवडत नाही.

४ मार्च

"स्नॅपशॉट घेतलेत ना? मग झालं!" – साहेब.

नाही झालं. स्नॅपशॉट म्हणजे मशीनची छबी त्याच सर्व्हरवर, कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात ठेवणं. प्रत वेगळ्या जागी हवी, आणि ती एकदा चालू करून पाहिल्याशिवाय तिला प्रत म्हणायचंच नाही. औषधसाठ्याची प्रत आज सुरूच होईना. दुपारपर्यंत झगडले. बरं झालं, आज कळलं.

आईचे पाय सुजलेत. "जास्त वेळ उभी होते," म्हणाली. हृदयाच्या गोळ्या घेतेस ना? "घेते गं बाई, रोज घेते." डबी मी दर रविवारी भरते. पुढच्या रविवारी रिकामी असते. मग सूज कशाने?

७ मार्च, शुक्रवार

एक मशीन बेवारशी निघालं. नाव 'तात्पुरतं'. कित्येक वर्षं चालू आहे! माझ्या आधी या खुर्चीत अण्णा होते, त्यांच्या हातचं असणार. इतकं जुनं की नवी आवृत्ती त्याला उभंही करणार नाही. पासवर्ड माहीत नाही. अण्णा निवृत्त होऊन लेकीकडे गेलेत, फोन लागत नाही. निरोप ठेवलाय.

सगळ्या विभागांना विचारलं. "आमचं नाही." "आमचं नाही." रेकॉर्डरूमच्या बाई म्हणाल्या, "असेल कुणाचं तरी. तू का जीव काढतेस?"

साहेब म्हणाले, "नेटवर्क काढ. कोण ओरडतं ते पाहू."

आमच्या धंद्याची ही रीतच आहे. मालक सापडत नसेल तर मशीन पुसायचं नाही, नुसतं जगापासून तोडायचं आणि वाट पाहायची. ज्याचं अडेल तो बोंबलत येतो. मीही पूर्वी केलंय. दर वेळी कुणीतरी आलंय.

१० मार्च, सोमवार

सकाळी तोडलं. दिवसभर फोनकडे लक्ष. शेजारच्या टेबलवरचा म्हणतो, "मीच ओरडू का? तुझं समाधान तरी होईल!"

११ मार्च

शांत.

१३ मार्च, गुरुवार

आई संध्याकाळी म्हणाली, "या आठवड्यात तिचा फोन नाही आला."

"कोणाचा?" मी भांडी लावत होते.

"अगं, तिचा. तू गेलीस की येतो. शेवटी 'जपा हं स्वतःला' म्हणते. आता असं कोण म्हणतं?"

शाळेतली कुणी मैत्रीण असेल. तूच कर की, म्हटलं. "तसा नसतो तो फोन," म्हणाली.

मग मलाच लागलं. असं कोण म्हणतं! मी 'जेवलीस का' विचारते आणि उत्तर यायच्या आत पर्स उचलते.

१६ मार्च, रविवार

ओपीडी बंद, म्हणून आज. पहिला सर्व्हर रिकामा केला, नवा केला. सगळी बिऱ्हाडं एकदम परत नेली नाहीत. आधी एक बिनमहत्त्वाचं मशीन नेलं, तासभर पाहिलं, मग बाकीची. दुसराही तसाच. कुणाला कळलंही नाही. हीच आमची शाबासकी.

साहेबांचा फोन, "चालतंय तर तिसराही उरकून टाक!" नाही म्हटलं. नव्या आवृत्तीचा रोग असला तर तो दोन दिवसांनी दिसतो. निदान एक इमारत जुनी राहू दे.

आईची डबी भरली. रिकामी होती.

१९ मार्च

"त्या तात्पुरत्याचं काय? पूस आता. कुणी ओरडलं?"

"ओरडलं नाही म्हणजे अडलं नाही, हे कशावरून?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुझ्यासारख्यांच्या हातून कामं बरोबर होतात, मान्य. पण होतात कधी?"

परवा पुसायचं ठरलं. प्रत ठेवणार आहे. मी भित्री आहे का? की हट्टी? दोन्हींत फरक करता येत नाही मला.

२१ मार्च, शुक्रवार

पुसायला बसणार तोच अण्णांचा फोन!

"तात्पुरतं? अजून चालू आहे? अहो, ते हृदयविकार वॉर्डच्या सिस्टरसाठी केलं होतं. घरी गेलेल्या पेशंटना रविवार सोडून रोज सकाळी आपोआप फोन जायचा, गोळी घेतली का म्हणून. नाही म्हटलं तर सिस्टरना मेल. त्या नोकरी सोडून गेल्या, मला वाटलं बंद झालं असेल." पासवर्डही सांगितला. अजून पाठ!

आत गेले. आवाजाच्या फायली होत्या. एक लावली. बाईचा आवाज, सावकाश, हसरा – "नमस्कार. सकाळची गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन." पुढची लावली. "छान! जपा हं स्वतःला."

तीच फाईल पुन्हा लावली. काही वर्षांपूर्वी आई याच वॉर्डातून घरी आली होती.

मी सगळ्या विभागांना विचारलं होतं. ज्यांचं अडलं ते विभागात नव्हतेच, आपापल्या घरी फोनजवळ बसले होते. ते कशाला ओरडतील? संपलं असेल, म्हणाले असतील. आणि एक तर माझ्याच घरात ओरडली, तिच्या पद्धतीने. मी भांडी लावत होते.

२२ मार्च

तिसरा सर्व्हर तूर्त जुनाच राहील. 'तात्पुरतं' त्यावर, बाहेरच्या जगाशी फक्त फोन आणि मेलपुरतं जोडलेलं. नवं मशीन उभारून फायली तिकडे नेईपर्यंत असंच. साहेबांना सगळं सांगितलं.  म्हणाले, "घे वेळ."

'नाही'चे मेल अजून त्या सिस्टरच्या बंद पत्त्यावर जात होते. म्हणजे इतकी वर्षं कुणी दोन दाबला तरी ते कुणाला कळत नव्हतं! आता वॉर्डच्या मुख्य सिस्टरना जातील.

२४ मार्च, सोमवार

रजा घेतली. आईला काही सांगितलं नाही, नुसती शेजारी बसले. फोन वाजला. आईने पदर सारखा केला, उचलला, ऐकलं, एक दाबला. 'जपा हं स्वतःला' मलाही ऐकू आलं. मग तिने डबीतून आजची गोळी काढली आणि खिडकीतल्या कुंडीत, मातीखाली सारली. मी बसलेली आहे हे विसरली होती.

"आई!"

"चक्कर येते गं त्या गोळीने."

"मग दोन दाबायचा ना!"

"दाबला होता एकदा, पहिल्या पहिल्यांदा," आई म्हणाली. "दोन दाबला की ती काहीच म्हणत नाही. तशीच ठेवून देते."