पुढे ओढलेली सीट

१२ मार्च, मंगळवार

आज एकदम ते रिकामं मैदान आठवलं. तीस वर्षं झाली. मी स्टिअरिंगमागे, पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते. यांनी वाकून खटका दाबला, सीट पुढे ओढली, खाली उशी सरकवली. "आता दिसतंय का जग, बाईसाहेब?" उशी माझीच — कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिवणाच्या तासाला तीनदा उसवून भरायला लावलेली. पुढे गाड्या बदलल्या, उशी तीच. शेवटची गाडी यांनी माझ्याच नावावर घेतली. म्हणाले, दंडाच्या पावत्या तुझ्या नावाने येऊ देत!

हे अपघातात जाऊन दोन महिने झाले. आज विमा कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर. चालकाच्या मृत्यूची भरपाई, तो स्वतः गाडीचा मालक असेल तरच. गाडी माझी, चालवणारे हे — म्हणून काही नाही. बायकोला गाडी दिली, हाच यांचा गुन्हा!

१५ मार्च, शुक्रवार

मुलाबरोबर वकिलांकडे. यांच्या इस्पितळाच्या बिलासाठी मुलाने घरावर कर्ज काढलंय. बिचारा नुसता बोटं मोडत बसला होता. वकील चहा ढवळत कायदा सांगत होते. यांनी जाण्याआधी पोलिसांना जबानी दिलीय, गाडी मीच चालवत होतो म्हणून. खाली सही आहे. त्यापुढे कोणाचं चालणार?

मग सहज हसून म्हणाले, "वहिनी, उलटं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही चालवत असता आणि ते शेजारी, तर प्रवाशाची भरपाई म्हणून कंपनीला निमूट भरावं लागलं असतं."

मी पाणी मागितलं.

१६ मार्च, शनिवार

लिहून टाकते. या वहीलाही सांगितलं नव्हतं.

गाडी मी चालवत होते.

कुत्रं आडवं आलं, पाय ब्रेकऐवजी भलतीकडे पडला. समोर खांब. नेमकी यांची बाजू. एका ट्रकवाल्याने दोघांना बाहेर काढलं, इस्पितळात पोचवलं आणि तो निघून गेला. मी शुद्धीवर आले तेव्हा यांची जबानी झालेली होती. कानाशी म्हणाले, "तू गप्प राहा. तुला कोर्टात उभी केलेली मला नाही बघवणार." तिसऱ्या दिवशी गेले. बघायचा प्रश्नच मिटवला!

सिस्टर म्हणायच्या, न बोलणं हेही खोटंच. तेव्हा वाटायचं, त्या सिस्टरांना संसार कुठे ठाऊक.

१९ मार्च, मंगळवार

मुलाला सांगितलं. मग त्याने वकिलांना फोन लावला. वकील खूश! कल्पना झकास आहे, पण उशीर झाला. कंपनी म्हणेल, बाईंना पैशासाठी आठवलं. आणि पुरावा कुठाय? मग मला पढवायलाच लागले — कुठला गिअर, किती वेग.

फोन ठेवून मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, माझ्यासाठी करत असशील तर नको. कर्ज मी फेडीन."

पोटचा मुलगा! त्यालाही वाटतं मी रचून सांगतेय. यांचं खोटं सगळ्यांनी एका घोटात गिळलं. माझ्या खऱ्याला पावती मागतात.

२१ मार्च, गुरुवार

वकिलांकडे कंपनीची फाइल चाळली. सर्व्हेअरने काढलेले मोडक्या गाडीचे फोटो. सातव्यावर हात थांबला. चालकाची सीट अगदी पुढे ओढलेली, वर माझी उशी. सहा फुटांचे हे, तिथे गुडघे कुठे ठेवणार होते? कंपनीने फोटो काढला, नंबर घातला, फाइलला लावला — आणि कोणाला काही दिसलं नाही. की दिसलं होतं?

मुलाने फोटो हातात घेतला, बराच वेळ धरला. मग तोंड फिरवलं.

पटलं त्याला. हेच हवं होतं ना मला? तरी त्याची पाठ बघवेना.

२२ मार्च, शुक्रवार

दहाला पोलीस ठाणं. जबानी देणार.

सातवा फोटो तपास अधिकाऱ्यांना. माझं लायसन्सही त्यांनाच, परत नको. पैसे आलेच तर सगळे मुलाला, नुसते कर्जापुरते नाहीत. मला त्यातली दमडीही नको. यांचं घड्याळ नातीला. ही वही मुलाने ठेवावी, वकिलांना दाखवू नये.

उशी माझी. जिथे असेन तिथे पोचवावी.