टॅम्सिनला लडलो दाखवताना

शनिवार, १२ एप्रिल
टॅम्सिन आली, इथे लडलो गावी माझ्याकडे. जावई गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली करून हळूच म्हणाला, पोरीला घरात बसू देऊ नका, फिरवा कुठेतरी.
चौदा वर्षांची नात. जानेवारीत माझी रोझलिन गेली, तेव्हापासून ही धड बोलत नाही. मी तरी काय बोलणार? तिची आई ती माझी लेक.

रविवार
किल्ला. बुरुजावर चढलो. खाली नदी, पलीकडचं रान, सगळं दाखवलं. कुठला राजपुत्र इथे वारला तेही सांगून बसलो! मरणाशिवाय दुसरं काही सुचलं नाही मला?
“हं,” म्हणाली.

सोमवार
बाजार. चीजवाली मिसेस प्रॉबर्ट तिच्याकडे बघतच राहिली. “रोझलिनची ना ही? जिवणी अगदी तिचीच.”
मी म्हणालो, दुपारनंतर पाऊस येणारसं दिसतंय.
मटण भरलेली पेस्ट्री घेतली एक. टॅम्सिनने अर्ध्याहून जास्त माझ्याच पुढे सरकवली. पोर खात नाही — काय करावं कळत नाही.

मंगळवार
दिवसभर पाऊस. दोघंही घरात. रोझलिनचा जुना रेनकोट अजून खुंटीला आहे. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो. बऱ्याच वेळाने दारावर टकटक. “आजोबा, उद्या कुठे जायचं?”
कंटाळली असणार.

बुधवार
क्लन गाव. रोझलिन लहानपणी इथे पुलाखाली पाण्यात खेळायची, वर यायचीच नाही. तेवढं सांगायला तोंड उघडलं. मग म्हणालो, पूल फार जुना आहे.
“दिसतोय,” ती म्हणाली.
चहाच्या दुकानात स्कोन मागवले, जॅम लावून खायचे छोटे पाव. नुसती जॅम चाटत बसली.

गुरुवार
चर्चचा मनोरा. अर्ध्या जिन्यातच मला धाप लागली. ती पुढे गेली. वर पोचलो तर कठड्यावरून वाकून खाली बघत उभी. हाक मारायचंही धैर्य होईना. दचकली तर? तशीच मिनिटभर उभी राहिली, मग आपणच मागे वळली.
 घरी येऊन जावयाला फोन केला — गॅरेथ, मला नाही जमत, घेऊन जा तिला. शनिवारी येतो म्हणाला.

शुक्रवार
कुठेच गेलो नाही. तिला सांगितलं, उद्या बाबा येतोय. ती वर निघून गेली.

शनिवार, १९ एप्रिल
सकाळी जिना उतरत होतो. खाली ती फोनवर.
“आज नको येऊस, बाबा. तूच म्हणाला होतास ना, आजोबांवर लक्ष ठेव? घरात बसले की रडतात ते. मला किल्लेबिल्ले काही आवडत नाहीत, पण मी सोबत असले की बाहेर पडतात. आणि थोडं खातातही.”