घरातील स्त्रिया : एक

झाशी, ९ फेब्रुवारी २०२५

चि. मुग्धास इंदूआत्याचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे, तूही बरी असशील असे धरून लिहिते.

त्या मंगळवारी सकाळी मी पाणी भरलं, देवाची भांडी घासली, मटार सोलायला बसले आणि तू वही घेऊन समोर बसलीस. झाशीतल्या मराठी घरांतल्या बायकांवर कॉलेजचा अभ्यास करायला तू महिनाभर आमच्याकडे राहिली होतीस. मला वाटलं, आपली भाची विचारतेय, सांगावं. मटार संपेपर्यंत बोलले. हे गेल्यापासून चार वर्षांत मी दतिया गेटापलीकडे एकटी गेलेली नाही. कोणी टाकून बोलत नाही, ताटात कमी वाढत नाही. फक्त चप्पल घातली की कुठे म्हणून विचारतात आणि कोणीतरी सोबत निघतं. एवढंच मी म्हणाले होते.

आभार मानायला तू इथल्या मराठी मंडळाला अहवालाची प्रत पाठवलीस, ते रीतीला धरून झालं. पण अगं, इथे मराठी घरं उरलीत चाळीसेक. तू माझं नाव बदलून जानकी केलंस. सातवी शिकलेली, मंडळाची पुस्तकांची दोन्ही कपाटं वाचून काढलेली, दतिया गेटाजवळची विधवा, अशी दुसरी जानकी कुठून आणायची? रविवारच्या बैठकीत कुणीतरी ते पान मोठ्याने वाचलं. माझे दीर, गोविंदरावभाऊजी, घरी येऊन जेवले नाहीत. आवाज चढवला नाही. आम्ही तुम्हाला कोंडून ठेवलंय का, वहिनी, एवढंच विचारलं. अंबिका, माझी जाऊ, तेव्हापासून माझ्याशी हिंदीतून बोलते. बाहेरच्या बाईशी बोलावं तशी, जी लावून.

मला याच घरात राहायचंय. दुसरं घर नाही. तेव्हा ते पान काढून टाक. तुझ्या मार्कांना धक्का लागू नये म्हणजे झालं.

हे फोनवर सांगितलं असतं, पण माझा फोन समोरच्या खोलीत चार्जिंगला असतो आणि तिथे कायम कोणीतरी बसलेलं असतं.

वेळेवर जेवत जा. माझा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझी आत्या,
इंदू


पुणे, १७ फेब्रुवारी २०२५

ती. इंदूआत्यास मुग्धाचा वाकून नमस्कार.

हॉस्टेलवर कुणालाच पत्र येत नाही, त्यामुळे तुझं आलं तेव्हा मैत्रिणी गोळा झाल्या. त्यांना प्रेमपत्र वाटलं. मी वाचायला लागले आणि माझा चेहरा बघून एकेक करून निघून गेल्या.

आत्या, चूक माझीच आहे, आणि ती तुला माहीत आहे त्याहून मोठी आहे. ज्या बाईची मुलाखत घ्यायची तिची स्वतःची सही संमतीपत्रावर लागते. मी कागद काढले तेव्हा अंबिकाकाकू समोर बसल्या होत्या, त्यांनी आपल्या कागदावर सही केली. तू आत पोळ्या करत होतीस. तुझा कागद गोविंदरावकाकांनी घेतला आणि सही करून टाकली, जशी ते घरातल्या सगळ्या अर्जांवर करतात. मी नुसती बघत राहिले. आपल्याकडे असंच असतं, मला काही खटकलंच नाही. मॅडमनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, की मुलाखत नक्की कोणाची घेतलीस, दिरांची का?

तुझं पान काढलंय. जिची संमती नाही तिला मोजायचंही नाही असा नियम, म्हणून घरातल्या माणसांचा तक्ताही बदलला. सुधारलेलं पान सोबत आहे. मॅडमनी कोरं संमतीपत्रही पाठवायला लावलंय. तीन मार्चपर्यंत तू स्वतः सही करून पाठवलीस तर तुझं बोलणं अहवालात परत घेता येईल. पण तू करू नकोस. माझे चार मार्क गेले तर गेले. तुला तिथे रोज त्यांच्या पंगतीला बसायचंय.

रागाव, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझी,
मुग्धा


झाशी, २४ फेब्रुवारी २०२५

चि. मुग्धास आशीर्वाद. पत्र पोचलं.

पाकीट अंबिकेने उघडून दिलं. तिच्या मनात काही नसतं, या घरातली सगळी पाकिटं तीच उघडते. त्यामुळे आतले कागद आधी भाऊजींनी वाचले. सुधारलेलं पान त्यांना आवडलं. आता नीट झालं म्हणाले, मंडळात दाखवतो म्हणाले. अंबिका त्या दिवसापासून पुन्हा मराठीत बोलते. रात्री तिने माझ्या ताटात आग्रहाने आणखी एक पुरणपोळी वाढली.

मग मी चष्मा लावून ते पान वाचलं. घर क्रमांक सतरा, म्हणजे आमचं. पुरुष एक, स्त्रिया एक. पुन्हा वाचलं. एकोणतीस वर्षं मी या घरात आहे. सासूबाईंचं आजारपण काढलं, ह्यांचं काढलं. मला कोणी खोटारडी म्हणालं असतं तर मी भांडले असते. इथे भांडायला मीच उरलेली नाही. आणि काढून टाक असं तुला मीच लिहिलं होतं, यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही.

मी भाऊजींकडे तो संमतीपत्राचा कोरा कागद मागितला. ते म्हणाले, "सही कशाला, वहिनी? मी आहे ना."

मायेने म्हणाले, मुग्धा. हे गेले त्या दिवशी दवाखान्यातही असंच म्हणाले होते, आणि तेव्हा मला केवढा आधार वाटला होता. त्यानंतर मी कशावर सही केल्याचं मला आठवत नाही. रागावणारा माणूस असता तर सोपं गेलं असतं.

कागद त्यांनी समोरच्या खोलीत कॅलेंडरमागे खोचून ठेवलाय. माझा हात पोचतो. पण सही केली तर मंडळात ते मान वर करून बसू शकणार नाहीत, हेही मला कळतं. अंबिका पुन्हा जी म्हणू लागेल. आणि मी तर इथेच असणार, त्याच चुलीपाशी. काही ठरलेलं नाही. तू माझी वाट बघत थांबू नकोस.

आत्याला मनात जागा ठेव.

तुझी,
इंदू

ता. क. पत्र काल बंद करायचं राहिलं. आज सकाळी भाऊजी चहा पीत होते तेव्हा मी कॅलेंडरमागचा कागद काढला, त्यांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं, त्यांच्यासमोर सही केली आणि एकटी पोस्टात आले; हे इथेच उभ्याने लिहितेय.