ताप नव्हता

नाना, काल माझ्या मुलीचं पोट दुखलं आणि मला तुम्ही आठवलात. आम्ही नवराबायको वेगळे होऊन दोन वर्षं झाली. मुलगी माझ्याकडे असते, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी अकरा ते चार बापाकडे, असा कोर्टाचा हुकूम आहे. हो, तुमच्या आणि आईच्या वाट्याला आलं तेच माझ्याही आलं. आईबापाचं बघूनसुद्धा पोरगी शहाणी झाली नाही, असं आत्या चारचौघांत म्हणते. म्हणू दे. तर काल पावणेअकराला मुलगी गादीवर मुटकुळं करून पडली. मी पोटाला हात लावला, कपाळाला लावला, आणि ती माझ्या डोळ्यांत बघेना तेव्हा समजले. पोटबिट काही दुखत नव्हतं. शेजारच्या मैत्रिणीकडे मांजरीला पिल्लं झाली होती. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. बापापेक्षा मांजर वरचढ ठरली म्हणून मी मनातल्या मनात हसले. मग खिडकीतून खाली पाहिलं. तो अकोल्याहून भल्या सकाळच्या गाडीने आलेला, फाटकाशी उभा होता, हातात केळी. आणि माझं हसू तिथेच विरलं.

तुमचे रविवार असायचे. कर्जतहून पहिल्या एसटीने तुम्ही नगरला यायचात. तेव्हा मी आणि आई मामाकडे राहत होतो, स्टँडच्या अगदी समोर. खाली मामाचं बांगड्यांचं दुकान, वर आम्ही. आईने मला अकराला स्टँडवर आणून सोडायचं आणि चारला तिथूनच परत न्यायचं, तुम्ही मामाच्या घराची पायरी चढायची नाही, असं सगळं कागदावर लिहिलेलं होतं. तुमचा शिलाईचा टेप सुट्टीच्या दिवशीही गळ्यातच असायचा. भेटल्याबरोबर मला उभं करून तुम्ही उंची घ्यायचात, खांदा घ्यायचात, बाही घ्यायचात. शेजारचा चहावाला हसायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पंधरा दिवसांत मूल ते कितीसं वाढणार? पण तुम्ही दर वेळी बोट टेपावर धरून मान हलवायचात, काहीतरी मोठं समजल्यासारखी.

त्या रविवारी मी नऊ वर्षांची आहे. दुपारी टीव्हीवर सिनेमा लागणार आहे, मामेबहिणी आठवडाभर त्याच्याच गप्पा मारताहेत. काखेत कांदा धरला की अंग तापतं, हे त्यांच्यातल्या थोरलीनेच मला सांगितलेलं. कांद्याने अंग तापलं की भीतीने, देव जाणे. आईने हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. तिने लगेच पेज टाकली आणि मामाला खाली पाठवलं. मी पांघरुणातून उठून खिडकीशी गेले. तुम्ही बाकावर बसला होतात, मांडीवर कापडी पिशवी. मामा परत आला तो वैतागून. ताप आहे म्हटल्यावर घरी जावं ना माणसाने, तर हे म्हणतात, “माझी येळ चारपर्यंत हाय. ताप उतरला तर यील ती खाली.”

सिनेमा कसला होता ते मला आज आठवत नाही. जाहिराती लागल्या की मी खिडकीशी जात होते, एवढं आठवतं. कर्जतच्या दोन गाड्या तुमच्या डोळ्यांसमोरून गेल्या. तुम्ही डबासुद्धा उघडला नाहीत. चार वाजता उठलात, पिशवी मामाच्या दुकानात ठेवलीत आणि पुढच्या गाडीने गेलात. पिशवीत हिरवा फ्रॉक होता, पांढऱ्या कॉलरचा.

पुढे तुम्ही कोर्टात अर्ज केलात, पोरीला भेटू देत नाहीत म्हणून. साहेबांनी आईला सगळ्यांसमोर खडसावलं. मुलीला खरंच ताप होता, असं ती दोनदा म्हणाली. मी बाहेर व्हरांड्यात आत्याबरोबर होते, दार उघडंच होतं. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. पुढच्या भेटीला आईने मला तोच हिरवा फ्रॉक घातला. मी वाढले तेव्हा तिने त्याच्या घेराची खालची दुमड उसवली. आत तुम्ही चांगलं चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. कोर्टात तुमच्यामुळे मान खाली घालावी लागलेली ती बाई, तुमचं कापड एकेक टाका काढून मोकळं करत होती. आणि बारावीच्या सुट्टीत तुम्ही मला म्हणालात, “तुज्या आईनं लई छळलं गं मला. जाऊ दे आता.” मी तेव्हाही मान हलवली. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

म्हणून काल मी खाली गेले. त्याने विचारलं, बरं नाही का तिला, डॉक्टरकडे नेऊ या का. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, “पोट दुखत नाही तिचं. तिला आज यायचं नाही. तू वर ये. चारपर्यंत तुझीच वेळ आहे.” तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला. आई आता माझ्याकडेच असते, तिने चहा दिला. तास-दीड तास मुलीच्या खोलीचं दार बंदच होतं. मग ते उघडलं, आणि मुलीने विचारलं, पिल्लं बघायला येतोस का. दोघं शेजारी गेली ती चारलाच उगवली.

संध्याकाळी आई माझ्यासमोर मेथी निवडत बसली होती. हातातली जुडी थांबवून म्हणाली, “बरं केलंस खरं सांगितलं ते. माजं तवा कुनी ऐकलं न्हाई. तुला खरंच ताप हुता. मी हात लावून बघितलं हुतं.”

नाना, मी म्हटलं, हो, होता.

तुमच्यापर्यंत हे पत्र पोचणार नाही, हे ठाऊक आहे, म्हणून तर इतकं सरळ लिहिता आलं. आई मात्र पलीकडच्या खोलीत आहे, अजून जागी आहे, आणि मला चाळिशीतसुद्धा उठून तिच्यापर्यंत जायची भीती वाटते.