अकरा फूट दोन इंचांची गल्ली

आडपेठ, जि. सांगली
शुक्रवार, १६ जानेवारी १९९८

तीर्थस्वरूप दाजींस,

तुमचा धाकटा मेहुणा नारायण याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या उभ्यानेच घालतो, तो आडवा घातला असं समजून घ्यावं). सोबत पुडीत तिळगूळ आहे. पोस्टात त्याचा भुगा झाला तर भुगा खावा, पण गोड बोलावं, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुमचा रक्तदाब चढण्याचा संभव आहे. ताईचा दमा कसा आहे? साताऱ्याची थंडी तिला बाधते हे ठाऊक असूनही ती पहाटे अंगण झाडते, असं तुमच्या मागच्या पत्रात होतं. तिला दटावावं. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे सौ. बरी आहे, दीपमाला बरी आहे आणि मला नगरपालिकेकडून कारणे दाखवा नोटीस आली आहे. येत्या तेवीस तारखेला तिचा काय तो निकाल लागेल. वाईट लागला तर एकोणतीस वर्षांची आरेखकाची नोकरी, निवृत्तीला चार वर्षं उरली असताना, पेन्शनसकट पाण्यात. आणि याला कारण, दाजी, राग मानू नका, तुम्ही आहात.

आठवा. दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा दीपमालाने तिच्या संगणकावर (डिप्लोमासाठी घेतलेला, डिप्लोमाही त्यावर कधीकधी होतो) तो बंदुकीचा खेळ लावून दाखवला होता. पडद्यावर माणूस नाहीच, नुसते त्याचे हात आणि बंदूक, आणि समोरून येतील ते राक्षस मारत गोदामातून पुढे जायचं. सत्तावीस वर्षं पलटणीत काढून सुभेदार झालेला माणूस काय म्हणतो म्हणून आम्ही सगळे तुमच्या तोंडाकडे पाहत होतो. तुम्ही चकली मोडली आणि म्हणालात, "आरं नारायणा, दारूगोळ्याच्या पेट्या उघड्यावर, आन् पहाऱ्याला कोण न्हाई? ह्यांचा सुभेदार कोण हाय, त्याला आदी गोळी घाल." सगळे हसले. मीही हसलो. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. तुम्ही पुढे म्हणालात, "आन् ह्ये गोदाम बांदलंय कुनी? मानूस आत यायला दार हाय, माल आत आनायला रस्ताच न्हाई. तुज्याच खात्यातलं दिसतंय कोन तरी." हे लागलं, दाजी. तुम्ही दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीने गेलात, पण ते वाक्य आमच्या सोप्यातच मुक्कामाला राहिलं.

मी तो खेळ नकाशा तपासायच्या नजरेने पाहिला आणि मला घाम फुटला. चाळीस खोल्यांची सरकारी इमारत आणि एक संडास नाही. जिन्याची पायरी दीड फूट उंच, म्हणजे शत्रूच्या आधी गुडघाच जाणार. छताला पन्हाळ नाही, भिंतीला झरोका नाही, गटार आहे ते कुठून कुठे वाहतं याचा पत्ता नाही. असला नकाशा माझ्याकडे मंजुरीला आला असता तर मी लाल शाईची दौत संपवली असती. हे मी दीपमालाला बोलून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मग तुम्हीच काढा ना." त्या खेळाच्या तबकडीवरच जागा बनवायची सोय दिलेली आहे. ती उघडली आणि पाहतो तर काय, चौकटीचा कागद, वरून पाहिलेला आराखडा, रेघ ओढली की भिंत उभी! फरक एवढाच की ऑफिसात चहा मागून मिळत नाही आणि इथे न मागता मिळतो.

खोटी जागा काढायची नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. आपली गल्ली काढायची, कोपऱ्यावरच्या दवाखान्यापासून नाथाजींच्या पायऱ्यांपर्यंत, खरी. (त्या सोयीत एका खोलीवर दुसरी खोली चढवता येत नाही, त्यामुळे नाथाजींची माडी गेली. हे त्यांना कळल्यावर ते चार दिवस बोलले नाहीत.) खरेपणाच्या पायी फार सोसावं लागलं. मूळ खेळात जखमी माणसासाठी औषधाच्या पेट्या रस्त्यात पडलेल्या असतात. आमच्या गल्लीत औषध दवाखान्यात मिळतं आणि दवाखाना दुपारी एक ते पाच बंद असतो. मी तो बंद ठेवला. दीपमाला दाराशी मरून मरून वैतागली. काडतुसं ठेवायला जागा सापडेना, तेव्हा ती हरणाबाईंच्या ओट्यावर ठेवली, कारण फटाके त्याच विकतात. आणि जिथे रिक्षा वळत नाही तिथे राक्षसही वळेना, तो नाथाजींच्या पायऱ्यांना थटून उभा राही. दीपमाला म्हणाली, कोपरा दोन फूट मोठा करा. मी म्हटलं, नगरपालिकेला पन्नास वर्षांत जमलं नाही ते मी राक्षसासाठी करू?

आता मापं डोळ्यांनी घेतलेली, त्यात पाच-सहा इंचांची चूक राहणार. ती मला सलू लागली. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी टेप घेऊन गल्लीत उतरलो. टेप ऑफिसचा होता (दाजी, एकोणतीस वर्षं खिशात असलेली वस्तू कोणाची हे कोण पाहतं). दीपमालाने दुसरं टोक धरलं. आणि मोजताना, तुम्हाला खोटं वाटेल, माझा हात आपोआप गेरूच्या खड्याकडे गेला. मोजलेल्या प्रत्येक कोपऱ्यावर लाल बाण आणि बाणाखाली आकडा काढायचा, ही हाताची सवय आहे, डोक्याला विचारून होत नाही. दुपारी बारा वाजता मी समाधानाने घरी येऊन जेवलो. मागे अख्ख्या गल्लीच्या दर्शनी भिंतींवर नगरपालिकेच्या आरेखकाच्या अक्षरात लाल बाण.

लाल बाणाचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. रुंदीकरण! तीनच्या सुमाराला हरणाबाई आल्या. त्यांचं सगळं दुकान म्हणजे तो ओटा. उदबत्त्या, कापूर, लिमलेटच्या गोळ्या आणि त्यामागे त्या स्वतः. उंबऱ्यात बसून म्हणाल्या, "आवं भावजी, माजा ओटा किती जातोय तेवडं सांगा. निम्मा गेला तर निम्म्यावर बशीन, पर आदी सांगा." मी म्हटलं, काही जात नाही, मी खेळासाठी मोजतोय. त्या म्हणाल्या, "व्हय, तुमचा खेळ हुतोय." आणि डोळ्याला पदर लावून गेल्या. संध्याकाळी त्यांच्याकडून शेंगदाण्याच्या चटणीची वाटी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सौ.ने तीन वाट्या परत केल्या, चौथी मात्र चटणी संपल्यावर परत केली.

नाथाजी निवृत्त तलाठी. सरकारी माणसाने सरकारी माणसावर विश्वास ठेवू नये एवढं शहाणपण त्यांच्यात आहे. ते म्हणाले, "नारायणराव, पन्नाशी उलटलेला मानूस गेरू घिऊन खेळतोय, ह्ये तुमी पोरास्नी सांगा." आणि पालिकेने पाडायच्या आधी आपणच काढलेलं बरं, दगड तरी हाती लागतील, म्हणून गवंडी लावून त्यांनी आपल्या तीन दगडी पायऱ्या काढल्या. आता त्यांचं दार जमिनीपासून दोन फूट वर लोंबतं. ते स्वतः उडी मारतात. त्यांच्या सौभाग्यवती गेला महिनाभर घराबाहेर पडलेल्या नाहीत, भाजी दोरीला पिशवी बांधून वर घेतात. मी कळवळून सांगायला गेलो की अहो, त्या पायऱ्या मी कालच बरोबर बसवल्या होत्या, सहा सहा इंचांच्या! त्यावर त्यांनी मला जे म्हटलं ते ताई पत्र वाचणार म्हणून लिहीत नाही. घरी येऊन मी खेळातल्याही पायऱ्या काढल्या. दोन दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी, आदल्या दिवशी जिथे नुसती कचराकुंडी होती तिथे, शेंदूर फासलेला म्हसोबा बसला (देवावरून रस्ता कोण नेणार?). तोही मी खेळात घेतला. त्याला गोळी लागू नये अशी सोय करता येते, ती केली.

मग गल्लीचा चाळीस सह्यांचा अर्ज नगरपालिकेत गेला. आमच्या खात्याच्या साहेबांनी कसलंच रुंदीकरण काढलेलं नव्हतं, तेव्हा आरेखक लोकांना भिववून वाट्या गोळा करतो असा त्यांनी अर्थ काढला, आणि वाट्यांपुरता तो खोटा म्हणता येईना. नोटिशीत तीन कलमं आहेत: विनापरवाना मोजणी, कार्यालयीन टेप व गेरू यांचा खाजगी वापर, नागरिकांत घबराट. मी खुलाशात खरं तेच लिहिलं आणि पुरावा म्हणून दीपमालाने छापून दिलेला गल्लीचा नकाशा जोडला. साहेबांनी खुलासा बाजूला सारला आणि नकाशा हातात घेतला. बराच वेळ पाहिला. आमच्या दप्तरात या गल्लीचा नकाशा आहे तो कापडावरचा, साठ वर्षांपूर्वीचा. अर्धा वाळवीने खाल्लेला आणि उरलेल्या अर्ध्यात दवाखान्याच्या जागी विहीर. साहेबांनी विचारलं, "मापं सगळी खरी आहेत?" दाजी, इथे गप्प बसलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण एकोणतीस वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी छाती काढून म्हणालो, "इंचाला इंच, साहेब!"

साहेबांनी कपाटातून एक फाईल काढली. गल्लीचं रुंदीकरण, सन एकोणीसशे एक्याऐंशी, खरा नकाशा नसल्यामुळे प्रलंबित. विकास आराखड्यात गल्ली किमान बारा फूट हवी. माझ्या मापाने ती सगळ्यात अरुंद जागी अकरा फूट दोन इंच. म्हणजे दहा इंच कमी, दोन्ही बाजूंनी पाच-पाच. पाच इंच म्हणजे काय मोठंसं, असं ज्याने कधी भिंत बांधली नाही तो म्हणेल. आमच्या गल्लीतली भिंत सव्वा फूट जाड, माती-विटांची, वरचं छप्पर तिच्यावर. तिच्यातून पाच इंच कापता येत नाहीत. गेली तर अख्खी दर्शनी भिंत जाते. हरणाबाईंचा ओटा पूर्ण, आणि आमची न्हाणी अशी उघडी पडेल की अंघोळ करणारा थेट म्हसोबाला नमस्कार करू शकेल. साहेब म्हणाले, "या नकाशाची सही करून पक्की प्रत द्या. तेवीस तारखेला मी जागेवर एका ठिकाणी माप ताडून पाहतो. बरोबर निघालं की तुमची नोटीस खणात."

घरी आलो. जेवण गेलं नाही. नोकरी वाचवायची तर हरणाबाईंचा ओटा, आणि ओटा वाचवायचा तर नोकरी. चटणीची वाटी त्या दिवशीही आली होती. पण सरकारी माणूस शेवटी सरकारी माणूस, दाजी. रविवारी दुपारी सौ. आडवी झाल्यावर मी टेबलाशी बसलो, स्वच्छ पक्की प्रत काढली, खाली सही केली आणि सोमवारी साहेबांच्या हातात दिली. माझ्या अक्षराची साहेबांनी स्तुती केली. कर्तव्य केलं, एवढंच म्हणतो. तेवीस तारखेचं माप नीट पार पडावं म्हणून तुमचा आणि ताईचा आशीर्वाद असावा, दुसरं काही मागणं नाही.

लोभ आहेच, तो सांभाळावा.
तुमचा,
नारायण

ता. क. दुसरं काही मागणं नाही असं वर लिहिलं, कारण सौ. शेजारी बसून वाचत होती. ती आता चहा ठेवायला गेली आहे. साहेबांना दिलेल्या पक्क्या प्रतीत गल्ली बरोबर बारा फूट दाखवली आहे. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा खोटी रेघ ओढली. दोनदा पुसून पुन्हा काढावी लागली. बारा फूट गल्लीचं रुंदीकरण करायची गरज नाही, फाईल बंद होते. छापील नकाशा पक्की प्रत काढायला म्हणून परत आणला होता तो बंबात गेला, भिंतींवरचे आकडे रात्री पुसले. फक्त तेवीस तारखेला टेपनेही बारा म्हटलं पाहिजे.

ता. क. २. तुमच्या फडताळात सुती कापडाचा मोजायचा टेप आहे, जो ताईने एकदा चुकून धुण्याच्या सोड्यात उकळला होता आणि ज्याने कुंपण मोजून आणलेली तार उरली म्हणून तुम्ही तारेला शिव्या दिल्या होत्या. तुमच्या तक्रारीवरून मी हिशेब केला, तो बारा फुटांमागे सुमारे दहा इंच आटला असावा. तो गुरुवारच्या आत घेऊन यावं. पोस्टाने पाठवू नये, ओढाताणीत सैल पडेल. साहेबांपुढे टेपचं एक टोक तुम्हीच धरावं. सुभेदाराने धरलेल्या टेपला कुणी शंका काढत नाही. ताईला कारण सांगू नये, भाचीला पाहायला चाललो म्हणावं.

ता. क. ३. दीपमाला विचारत होती, आता खेळातली गल्लीही बारा फूट करायची का. मी तिच्यावर ओरडलो. ती अकरा फूट दोन इंचच राहील. कुठेतरी एक खरी प्रत पाहिजेच. आणि ती पाहायची तर आधी दोन राक्षस मारावे लागतात, त्यामुळे साहेबांच्या हाती लागायची भीती नाही.