हॅना मेली होती, आई

माउंट रॉस्किल,
ऑगस्ट २०१८

प्रिय अहो आई,

लायब्ररीचा ईमेल आलाय. आपल्या त्या आयर्लंडच्या खुनांच्या मालिकेचा तिसरा भाग पुढच्या महिन्यात येतोय आणि रांगेत आपला नंबर पहिला आहे. तुम्हीच घाई केली होतीत ना, "आत्ताच नाव लावून ठेव" म्हणून? तुम्हाला जाऊन चार महिने झाले. पुस्तक हातात पडायच्या आधी मला एक कबुली द्यायची आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वीचं कॉर्क शहर, घोडागाड्या, आणि दर पन्नास पानांना एक मुडदा. तुम्हाला इंग्रजी भराभर वाचता यायचं नाही. मग मी ओट्याशी पुस्तक धरून मराठीत सांगत जायची आणि तुम्ही टेबलाशी पुकेकोहेच्या मळ्यांतून आणलेली मेथी निवडायचात. मी जरा अडखळले की लगेच, "काय गं, खून तूच केल्यासारखी गप्प का झालीस?"

इन्स्पेक्टरचं तुम्हाला काही पडलं नव्हतं. तुमचा जीव त्याच्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीवर, हॅनावर. कुणाच्या घरात काय शिजतंय यावरून ती खुनी ओळखायची. "आपल्या सदाशिव पेठेत शोभली असती ही!" असं म्हणायचात.

दुसरा भाग संपत आला आणि तुमचे रिपोर्ट आले. आता फार काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात शेवटच्या प्रकरणात हॅनाने विषाचा चहा प्यायला. मेली हो ती, आई! मी वाचलं एक आणि तोंडाने भलतंच बोलले. म्हटलं, दोन दिवस तापात होती, मग उठून बसली आणि पेज मागितली. आयर्लंडमध्ये पेज! तुम्ही नुसतं "हं" केलंत.

नंतर तुम्ही अधूनमधून विचारायचात, "पुढच्या भागात हॅना बरी असेल ना गं?" आणि मी सांगायची, "एकदम ठणठणीत." तुमच्याशी खोटं बोलले, तेही अशा वेळी, हे मला आतून खात होतं.

आता नव्या भागाची माहिती नेटवर आलीये. गोष्ट सुरूच होते ती हॅनाच्या अंत्यविधीने! काल न राहवून मीराला सगळं सांगितलं. तुमची अकरा वर्षांची नात, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. म्हणाली, "आई, आजी न्यू. शी मेड मी रीड द लास्ट चॅप्टर."

मी खुर्चीत बसले. "मग आजी काय म्हणाली?"

यावर मात्र पोरीने तुमचे शब्द तुमच्याच मराठीत जसेच्या तसे म्हटले. "तुझी आई हॅनाला जाऊ देत नाहीये. राहू दे, तिला काही बोलू नकोस."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! आणि तरी चेहरा सरळ ठेवून मला विचारत होतात? कमाल केलीत! खरं सांगते, रागच आला तुमचा. एकदा बोलला असतात तर दोघी रडून मोकळ्या झालो असतो की नाही? पण मीही कुठे बोलले?

पुस्तक आलं की मी ते मोठ्याने, मराठीत वाचणार आहे. मीरा ऐकेन म्हणालीये. अंत्यविधीतलं एक वाक्यही गाळणार नाही. रडू आलं तर थांबेन, पण ती गेली असंच सांगेन.

तुमची,
शुभदा