म्होरं तर कुनीच न्हाई

२ फेब्रु. २०२५, रवि.
आलं एकदाचं! पुण्याच्या नाणेवाल्या काकांचं पाकीट. वेष्टण सोडवता सोडवता नख तुटलं. तांब्याचं, ढब्बू पैशासारखं जाड. गुलामगिरी बंद व्हावी म्हणून विलायतेत सव्वादोनशे वर्षांपूर्वी पाडलेलं. पुढं बेड्या घातलेला माणूस, एका गुडघ्यावर, हात जोडून. मागं एकमेकांत धरलेले दोन हात. माझ्याकडचं हे आठवं. 'उभा' आधीच आहे, गुलामगिरी बंद झाली तेव्हाचा, तुटक्या बेड्यांचा. हा 'गुडघेवाला' तेवढा राहिला होता.
हे म्हणाले, "बायका सोनं घेतात, तू तांबं घे." घेतलंच.

९ फेब्रु.
तिसगावला माहेरी गेले. दादा, म्हणजे माझे वडील, घरी नव्हते. कुठं असणार? तात्यांकडं. तात्या म्हणजे ज्यांच्याकडं दादांनी सगळा जन्म सालगडी म्हणून राबून काढला ते मालक. ते काम सुटून वीस वर्षं झाली, तरी रोज सकाळी हजेरी. तात्यांचं एक अंग गेलंय. ते बाजेवर, आणि आमचे दादा खाली पोत्यावर, त्यांचे पाय चेपत. एक्क्याऐंशीव्या वर्षी! डोकंच फिरलं. दारातून मागं वळले. एसटीत रडू आलं. खिडकीकडं तोंड करून बसले.

१६ फेब्रु.
आज बोललेच. "दादा, पाडव्याला कायमचं आमच्याकडं सावेडीला यायचं. खोली लावून ठेवलीय."
"साल पुरं हुंदे."
"कुठलं साल? कुणाचं?"
धोतराचा सोगा झटकत म्हणाले, "सवय हाय गं."
पाडव्याला साल संपायचं आणि त्याच दिवशी दुपारी नवं लागायचं. मधे एक सकाळ उरायची. त्या सकाळी दादा मला खांद्यावर घेऊन पेठेत न्यायचे, साखरेची गाठी घ्यायचे. वर्षातून तेवढेच ते माझे. शाळेत सगळ्या बाया विचारायच्या, मॅडम, असली नाणी का जमवता? इतिहास शिकवते म्हणून, असं सांगायचे. थाप. आता निवृत्त झाले, वहीत तरी खरं लिहावं. त्या सकाळीपायी.

२ मार्च, रवि.
दादांना गुडघेवाला दाखवला. मोतीबिंदूमुळं दिसत नाही धड, अंगठ्यानंच पाहिलं.
"बंदा हाय का खोटा?"
"अस्सल आहे."
"मंग ह्यो असा का बसलाय?"
सांगितलं. गुलाम आहे. कडेनं लिहिलंय तसं विचारतोय, मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का?
"इचारतोय कुनाला? म्होरं तर कुनीच न्हाई."
खरंच की! मालक काढलेलाच नाही. महिनाभर भिंग घेऊन बसले, पण हे मला दिसलं नाही.
"मंग ऊठ की बाबा," दादा नाण्याला म्हणाले. अगदी मायेनं. आणि स्वतः? हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

३ मार्च
कोश उघडला. बंदा: अखंड, अस्सल, न मोडलेला. आणखी एक अर्थ: चाकर, गुलाम.
दादांना सांगू का? नको.

१६ मार्च
दादांनीच विषय काढला. "चिडलीस ना त्या दिशी? दारातनं गेलीस, बगितलं म्या."
म्हणजे दिसलं होतं त्यांना.
"पोरी, तात्याची पोरं लांब. जवळ कुनी बसत न्हाई त्याच्या. आदी मला 'ए' म्हनायचा. आता नावानं हाक मारतोय. माझं नाव ठावं हाय त्याला, मला वाटलंच न्हवतं."
मला तात्यांचा राग सोडायचा नाहीये, आणि धरताही येत नाहीये.
"जा तुम्ही. पण पोत्यावर का? बाजेवर बसा."
"त्यानं बस म्हनाय पायजे ना."
तिथंच अडलंय सगळं. एवढ्या एका शब्दावर.
निघताना म्हणाले, "नानं ठिवून जा. तात्याला दावतो."
इतकी वर्षं शोधलेलं नाणं! दिलं. तीनदा बजावलं, चिंचेनं घासू नका.

२३ मार्च
दादांचा फोन नाही. हे म्हणतात, नाण्याची काळजी का? नाण्याची कसली. तात्या हसले असतील तर? "नेऊन टाक," म्हणाले असतील तर? दादा मला कधीच सांगणार नाहीत.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारून थेट तिसगाव. दादा स्वतःच्या ओट्यावर, नवं धोतर नेसून.
"तात्यांकडं नाही गेलात?"
"आज सकाळ आपली आस्ती ना."
त्यांच्या लक्षात आहे! मला वाटायचं, एकट्या माझ्याच.
मग सावकाश सांगितलं. तात्यांच्या चालत्या हातात नाणं दिलं. म्होरं कुनी न्हाई, तेही सांगितलं. तात्या बराच वेळ चाचपत राहिले. मग बाजेवर हात आपटला. म्हणाले, "बस."
"मग? बसलात?"
"न्हाई गं."
"अहो, का?"
"पोत्यावर बसवंना, बाजेवर बी बसवंना. उभाच राह्यलो. लई येळ." आणि हसले, लाजल्यासारखे.
"नाणं?"
"त्याच्याकडंच हाय. मुठीतनं सोडंना."
कोपऱ्यात त्यांची पिशवी. आत एक धोतर, चष्म्याची डबी. माझ्यासाठी भरलीय की नेहमीचीच? विचारलं नाही.
पेठेत गेलो. खांद्यावर बसायचं वय गेलं, मीच त्यांचा हात धरला. दादांनी गाठी घेतली आणि भर रस्त्यात माझ्या गळ्यात घातली. अठ्ठावन्न पूर्ण मला! दुकानदार बघत होता. बघू दे.
दुपार व्हायला अजून दोन तास होते.